पाहुणा आणि उपरी

पेडणे तालुक्यातले मोपा हे गाव आता विमानतळामुळे सर्वांच्या तोंडी झाले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. ज्या सड्यावर गुरे चरत आणि उन्हाळ्यात काजूचा वास दरवळे, तेथे आता रात्रभर दिव्यांच्या रांगा जळतात. माझी मोप्याशी ओळख याहून जुनी. माझ्या पत्नीचे मामा तेथले. बांद्यापुढे पत्रादेवीची हद्द ओलांडली की थोड्याच वेळात त्यांच्या कौलारू घरापुढची तुळस दिसते. शिकवण्यांना सुट्टी असली की दोनतीन महिन्यांतून एकदा मी कोल्हापुराहून तिकडे जातो, आणि जाण्याचे कारण नुसते मामींच्या हातचे हुमण नव्हे. तेथे माझी एक विद्यार्थिनी आहे.

मामांच्या पडवीलगतच्या दोन खोल्यांत एक इंग्रज बाई राहतात. वय चौऱ्याहत्तर. तिकडे यॉर्कशायरात त्या शाळेतल्या मुलांना गाणे शिकवीत. निवृत्तीवेतन बेताचे, गुडघे अधू, पती निवर्तलेले, मूलबाळ नाही. २०१४ च्या हिवाळ्यात हरमलला समुद्रावर म्हणून आल्या, तेथल्या गर्दीला कंटाळून आत आत सरकत मोप्यास पोहोचल्या आणि तेथेच थांबल्या. ‘थांबल्या’ हा शब्द मात्र मी सैलपणे वापरला. कायद्याच्या दृष्टीने त्या कधीच थांबलेल्या नाहीत. त्या प्रवासी आहेत. अकरा वर्षे प्रवासच करीत आहेत.

आपल्याकडे ई-व्हिसावर येणाऱ्या प्रवाशांपैकी ब्रिटिश, अमेरिकन, कॅनडियन आणि जपानी नागरिकांस एका खेपेस १८० दिवस, इतरांस ९० दिवस राहता येते. व्हिसा स्वतः पाच वर्षांचाही मिळतो. पण दिवस एवढेच. बाईंच्या खोलीत मामींनी दिलेले कालनिर्णय टांगलेले आहे. ऑक्टोबरात आल्या दिवसापासून बाई रोज रात्री एक चौकट खोडतात. संस्कृतात अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. येथे अतिथीच्या जाण्याची तिथी येण्याच्या दिवशीच पक्की झालेली असते. उरलेले सहा महिने खोल्यांना कुलूप. भाडे मात्र बारा महिन्यांचे, मामा नको म्हणत असताही बाई देतात.

कोणी म्हणेल, मग दुसरा कागद का नाही निवडीत? निवडून पाहिला. एकदा दोन संध्याकाळी बसून आम्ही दोघांनी सगळे प्रकार चाळले. नोकरीचा व्हिसा आहे, पण या वयात नोकरी कोण देणार? व्यापाराचा आहे, एका सल्लागाराने तर सुचविलेही की, कागदोपत्री एक कंपनी काढा, पुढचे मी पाहतो. बाईंनी त्यास नमस्कार करून निरोप दिला. विद्यार्थ्याचा व्हिसा आहे आणि संगीत शिकण्यासाठीही तो मिळतो, परंतु त्यास मान्यताप्राप्त संस्थेचा प्रवेश लागतो. माझ्यासारख्या खाजगी मास्तराची चिठ्ठी चालत नाही. औषधोपचारासाठी आहे. भारतीय माणसाशी लग्न केल्यास आहे. ते ऐकून मामींना हसू आवरेना. तेव्हा आपल्या देशात राहावयाचे तर नोकरी करा, व्यापार करा, शिका, आजारी पडा किंवा लग्न करा. शांतपणे म्हातारे होण्यासाठी म्हणून काही परवाना नाही.

अकरा वर्षांत एकदाच या बाईंनी मोप्याचा पाऊस पाहिला. मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली आणि अडकून पडलेल्या परदेशी लोकांचे व्हिसे सरकारने वाढवून दिले. तो अख्खा पावसाळा बाई तेथे होत्या. मी मात्र कोल्हापुरात. त्या दिवसांत पासाशिवाय मला पत्रादेवी ओलांडता येत नव्हती, आणि यॉर्कशायरची बाई आमच्या मामांच्या पडवीत बसून नळे टपटपताना ऐकत होती! शिकवणी फोनवर चाले. चार वर्षे त्या माझ्यामागे मियाँमल्हारासाठी लागल्या होत्या आणि मी टाळीत होतो. पाऊस न पाहिलेल्या माणसाला त्यातल्या निषादांचे आंदोलन कसे समजावयाचे? त्या जुलैत मी हरलो. फोनमध्ये कौलांवरच्या पावसाचा असा गदारोळ की त्यांचा षड्ज मला ऐकू येईना. पण मधूनच तो कोमल निषाद असा काही लागला की मी इकडे खुर्चीतून उठून उभा राहिलो. पुढल्या वर्षांत त्यांनी तो राग डिसेंबरात पुष्कळदा म्हटला. बरा म्हटला, इतकेच.

मग त्या पावसाळ्यातच का येत नाहीत, असे मी विचारले होते. त्या म्हणाल्या, “गुरुजी, १८० दिवस जूनपासून खर्च केले, तर तिकडच्या थंडीत माझे गुडघे कोण सांभाळील?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

हा प्रश्न मला केवळ एका विद्यार्थिनीपुरता वाटत नाही. म्हणून तर हे लिहिणे. माझे वडील कोल्हापूर दरबारच्या चौघड्यात सनई वाजवीत. वयाच्या पंधराव्या वर्षी ते तेथे बसले आणि तीनच वर्षांनी, १ मार्च १९४९ रोजी, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. (मी त्यांच्या उतारवयातला, म्हणून चाळिशीतल्या माणसास दरबारच्या गोष्टी प्रत्यक्ष बापाच्या तोंडून ऐकावयास मिळाल्या.) दरबारात बाहेरचे लोक किती! खुद्द अल्लादियाखाँसाहेब उनियाऱ्याचे. शाहू महाराजांनी त्यांस ठेवून घेतले आणि १९२२ मध्ये महाराज गेल्यावर खाँसाहेब मुंबईस गेले. मधली वर्षे ते कोल्हापूरचे होते. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या. राजस्थानातला माणूस, कोल्हापूरचा आश्रय आणि गोव्याचा गळा, असा तो योग. बाईंना ही हकीकत फार आवडते. याच पेडणे तालुक्यातल्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या फेलो झालेल्या पहिल्या महिला, हेही त्या आल्यागेल्यास सांगतात आणि गावकऱ्यांस ते ठाऊक नसले तर रागावतात.

वडील म्हणत, दरबारच्या माणसांत दोन जाती: वतनाचे आणि नेमणुकीचे. वतन पिढ्यान्‌पिढ्याचे. नेमणूक माणसापुरती, ठरल्या अटींची. नेमणुकीचा माणूस जहागीर मागत नसे, पण त्याला कोणी रोज “केव्हा जाणार?” असेही विचारीत नसे. आपल्या जुन्या गावगाड्यातही हेच होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. उपरी हा बाहेरून येऊन कौलाने जमीन कसणारा, गावात घर करून राहणारा. मिरासीत त्याला वाटा नसे, मानपानात तो मागे असे. पण कौल असेतो त्याचे राहणे चोरीचे राहणे नव्हते. पाहुणा, उपरी, मिरासदार अशा तीन पायऱ्या आपल्या पूर्वजांनी ओळखल्या होत्या. आजच्या कायद्याने परदेशी म्हाताऱ्यासाठी पहिली ठेवली आहे आणि मधली काढून टाकली आहे.

पेडण्याच्या लोकांपुढे हे बोलावे तर ते एकदम कान टवकारतात, आणि त्यांचे चुकत नाही. हा हद्दीवरचा मुलूख आहे. १७८८ मध्ये तो सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच पत्रादेवीवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या चालल्या. तेथले स्मारक पाहिल्यावाचून माझी मोप्याची एकही खेप होत नाही. येथल्या लोकांस कोण येतो, कोणत्या कागदावर येतो, हे विचारण्याचा अधिकार रक्त सांडून मिळालेला आहे. त्यातून गेल्या वीसपंचवीस वर्षांत मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावर जे झाले ते त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मोरजीत रशियन अक्षरांच्या पाट्या लागल्या. प्रवासी म्हणून आलेल्यांपैकी काहींनी दुकाने चालविली. कंपन्यांच्या नावे घरे आणि जमिनी घेतल्या गेल्या आणि सक्तवसुली संचालनालयाला अशा खरेद्यांची चौकशी करावी लागली. या व्यवहारांत नाव उसने देणारे हात आपल्याच लोकांचे होते, हेही सांगितले पाहिजे. मामा तर म्हणतात, “मास्तर, आमचा सडा पासपोर्टवाल्याने घेतला नाही, घेणारे आपल्याच देशातले, मोटारीतून उतरणारे.” मामांचे म्हणणे मला खरे वाटते.

पण नीट पाहिले तर जमिनीच्या बाबतीत कायदा मुळीच लेचापेचा नाही. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांप्रमाणे, भारतीय वंशाच्या नसलेल्या आणि येथले निवासी न ठरणाऱ्या परदेशी माणसाला स्थावर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने मात्र घर घेता येते. पाच वर्षांचा भाडेपट्टा चालतो, पाच वर्षांचा व्हिसा मिळतो, आणि तरीही सलग पावसाळा-हिवाळा राहता येत नाही! जमीन न देण्याचे शहाणपण आपल्यात आहे. दिवस देण्याचा उदारपणा कोठे अडतो, ते मला समजत नाही.

आणि दुसरीकडे हेही पाहा. २०१६ मध्ये केंद्र सरकारने परदेशी गुंतवणूकदारांसाठी निवासाची एक योजना मंजूर केली. अठरा महिन्यांत दहा कोटी किंवा छत्तीस महिन्यांत पंचवीस कोटी रुपये गुंतवा, वर्षाला निदान वीस भारतीयांना काम द्या. दहा वर्षांचा निवास मिळेल, पुढे वाढवूनही मिळेल, आणि राहण्यासाठी एक घरही विकत घेता येईल. ज्याच्या पैशाने गावाचा भाव चढतो त्याला घर. आणि जी भाड्याच्या दोन खोल्यांत तंबोरा लावून बसते, बाजारातून तांबडी भाजी आणि बांगडे आणते, तिला कॅलेंडर! हा न्याय मला तरी उलटा दिसतो.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांविषयीचा नवा कायदा अंमलात आला आहे. १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने इंग्रजी अमदानीतले कायदे त्याने निकालात काढले. नोंदणी, घरमालकाने पोलिसांना द्यावयाची खबर, मुदत संपल्यावर राहणाऱ्यास शिक्षा, हे सारे त्यात आहे आणि असावेच. मामा प्रत्येक ऑक्टोबरात चोवीस तासांच्या आत ती खबर देतात. आता त्यांच्या नातवाला तो फॉर्म तोंडपाठ झाला आहे. नवा कायदा होत असताना एक नवा परवानाही करता आला असता. वय साठीच्या पुढे, स्वतःचे निवृत्तीवेतन, स्वतःचा आरोग्यविमा. राहणे भाड्याच्या घरात. धंदा नाही, जमीन नाही, मत नाही, नागरिकत्वाचा हक्क नाही. दरवर्षी नोंदणी, गावच्या पंचायतीस माहिती. आणि अट मोडली तर त्याच महिन्यात परतीचे तिकीट. पाहिजे तर तालुक्याला किती, हेही ठरवा. यात कोणाचे काय जाते? उलट ज्याला खोटी कंपनी काढूनच राहावयाचे आहे तो या परवान्याकडे फिरकणारही नाही, आणि कोण कशासाठी आला आहे ते आपोआप कळेल. आज सर्वच प्रवासी. म्हणून दुकान चालविणारा आणि षड्ज लावणारी एकाच रांगेत उभे आहेत.

थायलंड हे करीत आले आहे. पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाने बँकेत आठ लाख बात ठेवले किंवा महिना पासष्ट हजार बात उत्पन्न दाखविले की त्याला वर्षावर्षाने निवृत्त म्हणून राहता येते. नव्वद दिवसांनी पत्ता कळवावयाचा. परदेशी माणसाला जमीन तेथेही घेता येत नाही. उपऱ्याची पायरी याहून वेगळी काय असते?

माझे एक वकील स्नेही यावर म्हणाले, “इंग्लंडने आपल्याला कोठे दिले आहे?” ते खरे आहे. स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्या निवृत्तांसाठी इंग्लंडात एक व्हिसा होता, तो २००८ साली बंद झाला. २०१२ पासून तर तेथे स्थायिक झालेल्या मुलाला आपले म्हातारे आईबाप नेऊन ठेवणेही जवळजवळ अशक्य झाले. पण दुसऱ्याने दार लावले म्हणून आपण लावावे, असे आपल्या आजीने आपल्याला शिकविले होते काय? शिवाय गाणेबजावणे करणाऱ्याला परक्याचे वावडे असून कसे चालेल? माझ्या वर्गात रोज वाजणारी हार्मोनियम युरोपातून आली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिला हद्दपार केले, ते १९७१ पर्यंत. तेवढ्या काळात घराघरांतल्या आणि देवळांतल्या भजनांत ती विनापरवाना राहतच होती.

या एकाच घरात आणखी एक कागद नांदतो. मामांचे धाकटे बंधू. त्यांचे वडील १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले. त्या आधारावर लिस्बनला जन्माची नोंद करून बंधूंनी पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि पुढे इंग्लंडात स्विंडनच्या एका गोदामात वीस वर्षे काम केले. आता साठीत परत आले आहेत. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारताचे गेले; म्हणून आज ते ओसीआय कार्डावर स्वतःच्या जन्मघरात राहतात. आजन्म राहता येईल, वडिलार्जित घर त्यांचेच, नोंदणीची कटकट नाही. फक्त मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे कार्ड मिळवितानाही पुष्कळ गोवेकरांची अडचण झाली. पासपोर्ट परत केल्याचा दाखला मागत, आणि यांचा पासपोर्ट तर रद्दच केलेला. अखेर एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचा आदेशही चालेल असे ठरविले. हे गृहस्थ ग्रामसभेला जातात, पण दारालगतच्या बाकावर बसतात. मी विचारले तेव्हा म्हणाले, “हात वर करायची सवय आहे मास्तर, आत बसलो तर चुकून वर जाईल.” एका पडवीत १८० दिवसांची बाई आणि तिच्या पलीकडे आजन्म कार्डाचे हे गावकरी. संध्याकाळी दोघे चहाला एकत्र बसतात आणि एकमेकांची कागदपत्रे वाचतात.

आणि हे सारे मी तटस्थपणे लिहीत आहे असा वाचकांचा समज होऊ नये. माझी आई ऐंशीची आहे. थोरले बंधू टोरोंटोस असतात. गेल्या दिवाळीपासून त्यांचा आग्रह चालला आहे की आईने आता तिकडेच यावे. तिकडच्या साध्या व्हिसावर सहा महिने राहता येते. दुसरा आहे तो ‘सुपर व्हिसा’: मुलाचे उत्पन्न पुरेसे हवे, एक लाख डॉलरचा आरोग्यविमा हवा, वैद्यकीय तपासणी हवी, मग एका खेपेस सलग पाच वर्षे. पहा, कॅनडाने माझ्या आईसाठी उपऱ्याची पायरी करून ठेवली आहे. चांगली पायरी आहे. इतरांसाठी मी मागतो आहे ती जवळजवळ हीच. तरीही तो फॉर्म गेले दोन महिने आमच्या देवघराच्या फळीवर पडून आहे. आई म्हणते, “सहा महिने म्हणजे मी पाहुणी, ते मला समजते. पाच वर्षे म्हणजे कोण रे?” बंधू फोनवर तिला हिटरची, जवळच्या देवळाची, नातवंडांची गोष्ट सांगतात. त्यांचेही खोटे नाही. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या घराचे जिने तिला आता झेपत नाहीत, आणि मी दिवसभर शिकवण्यांत.

मी हे मोप्यास बाईंपाशी बोललो. वाटले होते, त्या म्हणतील, जाऊ द्या, मला मिळाला असता तर मी एका पायावर गेले असते. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “तुमच्या आईंना विचारा, तिथे त्यांना रोज कोण हाक मारणार आहे? मला इथे मामी मारतात.” मी आईला अजून विचारलेले नाही.

यंदाची शेवटची चौकट मार्चअखेर येते. दोन दिवस आधी मी मोप्यास जाईन. दरवर्षीचे काम आहे: तंबोऱ्याच्या तारा सैल करावयाच्या, घोडीखालचा सुताचा दोरा काढून पुडीत ठेवावयाचा, भोपळ्याला ओल लागू नये म्हणून गवसणीवर आणखी एक जुने लुगडे गुंडाळावयाचे आणि तो मामींच्या आतल्या खोलीत उंचावर ठेवावयाचा. मामी शिडी धरून उभ्या राहतात. गेल्या वर्षी सड्यावरून विमान उठल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी वर पाहिले नाही, शिडी धरूनच मला विचारले, “मास्तर, बाय परत येतली न्हय?”